चौकीसमोरचा बाक

सायलीने धावत येऊन पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं, बॅग आत टाकली, छत्री झटकली आणि दम खायच्या आत सांगून मोकळी झाली, "सात-दोन-नऊ-चार! दादा, लवकर घ्या हं, आधीच उशीर झालाय."

दादाने आरशातून मागे पाहिलं. तिला त्याचे डोळे तेवढे दिसले... काळेभोर, आणि हसू दाबताना होतात तसे जरा बारीक झालेले.

"नंबर झ्याक हाय म्याडम," तो म्हणाला. "पन त्याचं मी काय करू?"

"म्हणजे? ओटीपी आहे. टाका ना!"

"कशात टाकू? आज माझी ड्युटीच न्हाई. ही गाडी तुमच्या कंपनीला जात न्हाई."

तेव्हा कुठे सायलीला शेजारच्या सीटवरची पाटी दिसली. पाटीत फडक्याखाली भाकऱ्यांची चवड, खाली पायाशी स्टीलचे डबे, आणि गाडीभर ठेच्याचा वास! तिने घाईघाईने दाराला हात घातला. पण तोवर गाडी हिंजवडीच्या त्या रांगेत शिरली होती, जिच्यात एकदा शिरलं की पुढे काय होईल ते आपल्या हातात उरत नाही. मागचे हॉर्न कोकलत होते आणि भाद्रपदाची रिपरिप काचेवरून ओघळत होती.

"थांबवा ना गाडी!"

"थांबलेलीच हाय की!"

सायलीला राग आला. आणि त्याहून जास्त राग आला तो हसू आल्याचा.

"उतरून चिखलातनं जायाचं तर जावा," तो म्हणाला, "न्हाईतर मी पुढं एवढे डबे देतो, आन मग तुमास्नी कंपनीच्या दारात सोडतो. तेवढा इस्वास असंल तर."

विश्वास ठेवावा असं त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. पण भाकऱ्यांवरचं फडकं पांढरंशुभ्र धुतलेलं होतं, आणि का कोण जाणे, सायलीला तेवढं पुरलं. त्याचं नाव सोमनाथ, हे तिला पुढच्या सिग्नलला कळलं.

डबे होते पोलीस चौकीसमोरच्या बाकासाठी. बांधकामावरची काही बंगाली बोलणारी माणसं आदल्या दिवशी उचलून आणली होती. बोली बंगाली, म्हणजे सीमेपलीकडून चोरून आलेली असणार, एवढाच संशय. त्यांच्या बायका, पोरं, एक म्हातारा बाप असे सगळे त्या लांब लाकडी बाकावर दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यात 'थारा' नावाच्या छोट्याशा संस्थेच्या क्षितिजाताई होत्या. पेशाने वकील, आवाज खणखणीत, साडीचा काठ चिखलाने माखलेला.

"आमचं मागणं काही फार नाही," डबे घेता घेता त्यांनी सायलीला सांगितलं. "माणसाला कोर्टापुढे उभं केल्याशिवाय कोंडू नका. त्याच्या गावाला विचारल्याशिवाय देशाबाहेर नेऊन सोडू नका. त्यासाठी आम्ही अर्ज करतो, भांडतो, गावोगाव सभा घेतो. आणि एक नियम पाळतो. आत कुणी असेतो हा बाक रिकामा ठेवायचा नाही. बाक रिकामा झाला ना, की माणूस कुठल्या गाडीतून कुठे गेला, ते सांगायला कुणी उरत नाही."

बाकावरच्या एका बाईच्या हातात फोन होता, पण त्यातले पैसे संपले होते. सायलीने आपल्या फोनवरून तिच्या गावी लावून दिला. ती दिवसभर कंपनीत हेच करायची म्हणा... परक्या माणसांचे फोन घ्यायचे आणि गोड आवाजात त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. पण त्या दिवशी पलीकडची म्हातारी सासू 'तुमचा पोरगा जिवंत आहे' एवढं ऐकूनच रडायला लागली, आणि सायलीला तिची भाषा येत नसतानाही सगळं समजलं. जिच्यासाठी ती सकाळी धावत होती, ती मीटिंग केव्हाच बुडाली होती. सायलीला तिची आठवणही झाली नाही.

दुपारी कंपनीच्या दारात उतरताना ती म्हणाली, "थँक्यू, दादा."

"एक सांगू?" सोमनाथ समोर बघत म्हणाला. "बाकी काईबी म्हना. तेवढं दादा नगा म्हनू."

"का बरं?"

"मला दोन बहिनी हायेत. तेवढ्या बास झाल्या."

सायली कान लाल होईपर्यंत लाजली. आणि छत्री गाडीतच विसरली. विसरली की ठेवली, ते तिचं तिलाच ठाऊक!

छत्री न्यायच्या निमित्ताने ती पुढच्या शनिवारी बाकावर आली. त्याच्या पुढच्या शनिवारी निमित्तही लागलं नाही. गावी, नांद्याला, घरी मात्र तिने 'ओव्हरटाइम आहे' म्हणून सांगितलं होतं. तिचे वडील, आबा, म्हणजे गावाचे दादासाहेब. नांद्याचे जुने बागायतदार, आता निम्मी जमीन टॉवरखाली गेलेली आणि उरलेल्यातल्या एका कोपऱ्यात भाड्याच्या खोल्यांची चाळ बांधलेली. नको त्या भानगडीत पडलेलं त्यांना अजिबात खपत नसे. 'थारा'ने नांद्याच्या घरमालकांची सभा घेतली, तेव्हा ते हाताची घडी घालून मागे बसले होते आणि 'आपल्याला काय करायचंय' म्हणून उठून गेले होते. सायली त्या सभेला खांबाआड उभी राहिली होती. आपल्याच गावात तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

बाकावर मात्र ती बडबडायची. कंपनीतल्या गमती सांगायची, पोरांना नेलपॉलिश लावायची, मोडकंतोडकं बंगाली बोलून बायकांना हसवायची. सोमनाथ शेजारी बसून भाकरीचे तुकडे करून पोरांना भरवायचा आणि मधूनच चोरून तिच्याकडे बघायचा. तिने बघितलं, की रस्त्याकडे बघायचा. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसायचं.

"तू का येतोस इथे?" एकदा तिने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

त्याने हातातला भाकरीचा तुकडा पाटीत ठेवला. मग म्हणाला, "आमी धनगर. मेंढरं घिऊन गावोगाव फिरायचं. नव्या गावात पाय टाकला की पयला सवाल, कुठले रं तुमी, हितं कशाला आलाय? मी ल्हान होतो. एका गावात चोरी झाली आन आमच्या बाला, पिराजीला, संशयावर आत घेतलं. आई, तुकाबाई, बाहीर बसून व्हती. आख्खा दिवस. मानसं येत व्हती, जात व्हती. कुनी इचारलं न्हाई, बाई, जेवलीस का?"

सायलीने आपला हात बाकावर त्याच्या हाताजवळ ठेवला. मध्ये चिमूटभर जागा होती. ती जागा त्या दिवशी तशीच राहिली... पण दोघांचंही लक्ष दिवसभर तिथेच होतं.

भातं निघाली. थंडी पडली. एका शनिवारी सोमनाथने मोठ्या गंभीर चेहऱ्याने बातमी दिली, "आईनं यंदा मेंढरांचा वाडा तुमच्या रानात बसवलाय."

"आमच्या? नांद्यात?"

"न्हेमीच्या रानात इमारत झाली की. मंग दुसरं रान बघायला नगं?"

"आणि नेमकं आमचंच सापडलं?"

"मेंढरांनी पसंत केलं," तो म्हणाला. "मी मधी बोललो न्हाई."

कापणी झाल्यावर धनगरांचा कळप रात्री शेतात बसवायचा, लेंडीखताने जमीन सकस होते, ही रीत तिकडे पूर्वापार. मालक त्या बदल्यात धान्य देतो. आणि वाडा रानात आहे तोवर त्या मेंढरांना आणि माणसांना कुणी हात लावला, तर तो मालकाच्या दाराला हात लावल्यासारखा! सायली रोज संध्याकाळी गच्चीत उभी राहून त्या पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांकडे बघायला लागली. आईला वाटलं, पोरीला शेतीची गोडी लागली.

आणि मग तो मंगळवार आला. सकाळीच सोमनाथचा फोन.

"लवकर ये," तो म्हणाला. "आत फरशीवाला हाय. मिनारुल."

सायलीने चपला पायात घातल्या. मिनारुल आबांच्याच चाळीत, चौथ्या खोलीत राहायचा. त्यांच्या नव्या स्वयंपाकघरातली फरशी त्यानेच बसवलेली. इतकी सारखी, की आबा आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. ती पोचली तेव्हा त्याची बायको जहानारा बाकावर बसली होती, मांडीवर दीड वर्षाची लेक. पोरीने सायलीला ओळखून दोन्ही हात पसरले.

"दुपारी गाडी येणार आहे त्याला न्यायला," क्षितिजाताई म्हणाल्या. "गावाकडच्या पोलिसांना विचारलंय, उत्तर यायला चार दिवस लागतील. गाडी चार दिवस थांबणार नाही. आज तो गेला तर थेट सीमेवर. मग उत्तर येऊन उपयोग काय? मी साहेबांना पटवलंय, घरमालकाने समक्ष येऊन ओळख दिली, जबाबदारी घेतली, तर उत्तर येईतो त्याला घरी सोडतील. पण..."

"पण काय?"

"घरमालकाला काल फोन केला होता. म्हणाला, असा कुणी माझ्याकडे राहतच नाही."

सायलीने सोमनाथकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"रातीपासनं. सांगायला तोंडच उघडंना. तुझे वडील हायेत."

सायली बाजूला गेली आणि फोन लावला.

"आबा, तुम्ही मिनारुलला ओळखत नाही?"

"तू कुटं हायेस?"

"चौकीसमोर. बाकावर. दर शनिवारी इथेच असते मी. ओव्हरटाइम नव्हता."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग दबक्या आवाजात, "हे बघ बाळ, भाडेकरूंची नोंद करायला पायजे व्हती, ती मी केली न्हाई. आता व्हय म्हनलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहनार न्हाई. परक्या मानसापायी आपुन कशाला..."

"आबा, कुठे उभे आहात?"

"घरात. सैपाकघरात."

"म्हणजे त्याने बसवलेल्या फरशीवर उभं राहून बोलताय."

फोन बंद झाला. सायली तशीच आत गेली. चौकीतले साहेब चहा पीत होते. त्यांच्यापुढे ती उभी राहिली आणि खांबाआडून न निघालेला आवाज आज एकदाचा निघाला, "साहेब, मिनारुल आमचा भाडेकरू आहे. दोन वर्षं आमच्याकडे राहतोय. काल माझे वडील खोटं बोलले."

साहेबांनी कप खाली ठेवला. "खोल्या कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"मग पोरी, तुझं खरं असेलही. पण सांगायला त्यांनाच यावं लागेल."

बाहेर येऊन ती जहानाराशेजारी बसली आणि तोंड ओढणीत लपवून रडली. सगळ्यांसमोर बापाला खोटं पाडलं होतं, आणि तरी माणूस सुटला नव्हता. सोमनाथ तिच्या बाजूला बसला. मधली चिमूटभर जागा त्याने ठेवली नाही. तिचा हात हातात घेतला, दुसऱ्या हाताने फोन काढला आणि एवढंच बोलला, "आई, मालकानं दारचा मानूस नाकारला."

नांद्यात पुढे जे झालं ते सायलीला नंतर कळलं. पण आपण ते आत्ताच पाहून घेऊ, कारण पाहण्यासारखं होतं.

तुकाबाईने हातातलं काम टाकलं आणि भर दुपारी वाडा उठवला! ठरलेल्या मुदतीआधी वाडा उठणं म्हणजे मालकात खोट निघाली, हे त्या मुलखात शेंबड्या पोराला कळतं. जाळी गुंडाळली, बोचकी घोड्यावर चढली, आणि आख्खा कळप बें-बें करत गावातल्या मोठ्या रस्त्याने निघाला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. दादासाहेब अनवाणी धावत आले.

"तुकाबाई! अगं, काय झालं? काय कमी पडलं?"

तुकाबाईने डोईवरचा पदर सारखा केला. "पाटील, उद्या माझं कोकरू रस्त्यावर गेलं, आन कुनी तुमास्नी इचारलं, हे कुनाचं, तर काय सांगशिला?"

"माज्या रानातलं हाय म्हनून सांगीन. हात लावायची कुनाची छाती हाय?"

"आन तुमच्या चाळीतला मानूस धरला, तवा काय सांगितलं?"

दादासाहेब दोन पावलं मागे सरले.

"माझी मेंढरं मुकी हायेत, पाटील. त्यास्नी मी असल्या रानात कशी ठिवू? तुमी त्यास्नीबी वळखत न्हाई म्हनाल." आणि ती पुढे चालू लागली.

सबंध गाव बघत होतं. दादासाहेबांनी एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या होत चाललेल्या रानाकडे. मग घराकडे वळले ते थेट बुलेटकडे.

"तुकाबाई!" ते ओरडले. "मेंढरं पिराजीकडं दे आन बस मागं. तुझ्यासमोरच सांगतो काय ते!"

इकडे चौकीच्या आवारात गाडी येऊन लागली होती. मिनारुलला बाहेर आणलं होतं. त्याच्या पँटीला अजून पांढरं सिमेंट होतं. जहानारा लेकीला उचलून दाराशी धावली, क्षितिजाताई साहेबांशी हुज्जत घालत होत्या, आणि तेवढ्यात फाटकातून धडधडत बुलेट आत शिरली. पुढे अनवाणी दादासाहेब, मागे हिरव्या नऊवारीतली तुकाबाई, पदर दातात धरून!

सायली बाकावरून उठून उभीच राहिली.

आबा तिच्याजवळून गेले. थांबले नाहीत, पण जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, ह्यो मिनारुल. माझा भाडेकरू. काल मी न्हाई म्हनलो, ते खोटं. नोंद केली न्हाई, ती माझी चूक, काय शिक्षा असंल ती मला करा. पन मानूस माझ्या दारचा हाय. त्याची जबाबदारी माझी, आन तो आज माझ्यासंगं घरी येनार."

साहेब क्षणभर त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली. गाडीचं इंजिन बंद झालं.

ती शांतता सायली जन्मभर विसरणार नाही. पुढच्याच क्षणी लेक बापाच्या गळ्यात पडली होती, जहानारा हसत होती, रडत होती, आणि क्षितिजाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस चौकीत शिट्टी मारली!

चौथ्या दिवशी मिनारुलच्या गावाहून उत्तर आलं... तिथलाच, चार पिढ्यांपासूनचा. पण त्याआधीच नांद्याचे आणखी घरमालक आपापल्या भाडेकरूंना घेऊन नोंदीसाठी रांगेत उभे राहिले होते. पुढच्या ग्रामसभेत दादासाहेबांनी स्वतः ठराव मांडला. धरलेल्या माणसाला कोर्टासमोर नेल्याशिवाय गावातून कुणी हलवणार नाही, आणि नांद्याचा घरमालक आपला माणूस नाकारणार नाही. ठराव वाचून दाखवायला सायली उभी राहिली. खांबापुढे, माईकसमोर.

पण ते पुढचं झालं. त्या मंगळवारी संध्याकाळी सगळे पांगले, तेव्हा चौकीसमोरचा बाक पहिल्यांदाच रिकामा होता. किती छान दिसत होता रिकामा! सोमनाथ पाटी उचलून गाडीकडे निघाला. तुकाबाई बुलेटवर बसायच्या बेतात होती. तिने सायलीला डोक्यापासून पायापर्यंत निवांत न्याहाळलं आणि लेकाला विचारलं, "मेंढरांनी पसंत केली ती हीच व्हय रं?"

सोमनाथच्या हातातली पाटी पडायची राहिली. सायलीने लाजून आबांकडे पाहिलं. आबा किल्लीशी उगाच खेळत होते. वर न बघताच म्हणाले, "वाडा आज परत बसायचाय. तवा रातच्याला सगळीच जेवायला या घरी. आन सोमनाथ... गाडी सावकाश घे. पोरगी बसनार हाय."

बुलेट धडधडत निघून गेली.

सायलीने सवयीने मागच्या दाराला हात घातला. मग थांबली, पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली. उन्हं कलली होती. तिने कानामागे बट सारली.

सोमनाथने स्टिअरिंगवर हात ठेवले. गाडी मात्र चालू करेना.

"काय झालं?"

"ओटीपी सांगावा लागतो," तो गंभीरपणे म्हणाला.

"ओटीपी?" ती हसली. "भाद्रपदातला? तो मला कसा आठवेल? दहा मिनिटांत बाद होतो तो."

"सात-दोन-नऊ-चार," सोमनाथ म्हणाला.

सायली त्याच्याकडे बघतच राहिली. रोज कितीतरी माणसं त्याच्या गाडीत बसत, नंबर सांगत, उतरून जात. आणि हा...

"तू लक्षात ठेवलास? इतके दिवस?"

"तवा टाकायला जागा न्हवती," तो हळूच म्हणाला. आता तो रस्त्याकडे बघत नव्हता, सरळ तिच्याकडेच बघत होता. "म्हनून जपून ठिवला. तू परत कवा बसशील, आन मला इचारता येईल... म्हनून. सायली, मला तू लई आवडतीस. पयल्या दिवसापासनं."

तिने त्याचा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"मग आता तरी गाडी चालू कर," ती म्हणाली. "बरोबर गाडीत बसलेय मी. आणि दादा म्हणणार नाही, शपथ!"